माशीच्या घड्याळावर मृत्यूची वेळ

झरी जामणी (जि. यवतमाळ) : मुकुटबन वनपरिक्षेत्रात एप्रिल २०२१मध्ये एका गर्भवती वाघिणीची शिकार झाली. गुहेच्या तोंडाशी आग लावून तिला ठार करण्यात आले आणि पुढचे पंजे कापून नेण्यात आले. अशा प्रकरणात संशयित हाती लागला, तरी वेळेचा प्रश्न उरतोच. जनावर मेले कधी आणि त्या वेळी संशयित होता कुठे? शरीर किती थंड झाले यावरून मृत्यूचा काळ काढण्याची रूढ पद्धत विदर्भाच्या उन्हाळ्यात फारशी कामाला येत नाही. पारा चाळिशीपार असताना मृत शरीर थंड व्हायचे कसे? अशा वेळी साक्षीला उरतात त्या माश्या. त्यांच्या आधारे मृत्यूचा काळ ठरवणारे शास्त्र म्हणजे न्यायवैद्यक कीटकशास्त्र.

मृतदेह उघड्यावर असेल, तर धातूसारख्या चमकणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्या अनेकदा काही मिनिटांतच तेथे पोहोचतात. डोळे, नाक, तोंड आणि जखमा या ठिकाणी त्या अंडी घालतात. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या ‘क्रायसोमिया मेगासेफाला’ या माशीची अंडी उष्ण हवेत दिवसभराच्या आत फुटतात. अळी दोनदा कात टाकते, तिसऱ्या अवस्थेत पोटभर खाऊन मृतदेहापासून दूर सरकते आणि मातीत कोष करते. वाढीचा वेग तापमानावर ठरलेला असल्याने अळीची अवस्था व लांबी पाहून उलटा हिशेब मांडता येतो. पुढे मांस वाळले, की कातडी कुरतडणारे भुंगेरे येतात.

ही कल्पना नवी नाही. चीनमधील न्यायाधिकारी सुंग त्सू यांनी १२४७च्या ग्रंथात एका खुनाची हकिगत नोंदवली आहे. गावातील सर्वांचे विळे जमिनीवर ठेवायला लावले, तेव्हा एकाच विळ्यावर माश्या घोंगावू लागल्या आणि गुन्हेगार सापडला. फ्रान्सच्या मेग्नँ यांनी १८९४मध्ये या विषयाला शास्त्रीय बैठक दिली.

वन्यजीव गुन्ह्यांसाठी मात्र कॅनडातील एक प्रकरण अधिक बोलके आहे. मॅनिटोबा प्रांतात १९९५मध्ये काळ्या अस्वलाची दोन पिल्ले मारून त्यांची पित्ताशये काढून नेण्यात आली होती. मृतदेहांवर अळ्या नव्हत्या; होती ती केवळ माशीची अंडी. ती जपून ठेवली आणि प्रयोगशाळेत कधी फुटली याची नोंद केली. त्यावरून गेल अँडरसन यांनी मृत्यूचा काळ काढला. तो संशयितांच्या तेथील वावराशी जुळला आणि दोघांना तुरुंगवास झाला.

अर्थात हे घड्याळ चुकतेही. मुळात ते मृत्यूची नव्हे, माशीने अंडी घातल्याची वेळ सांगते. म्हणजे मृत्यू किमान किती दिवसांपूर्वी झाला, एवढेच. माश्या सहसा रात्री अंडी घालत नाहीत. पाऊस, अंधारी गुहा किंवा धूर त्यांना उशीर करू शकतात. कापसाच्या या पट्ट्यात त्याहून महत्त्वाचे आहे ते कीटकनाशक. यवतमाळ जिल्ह्यात २०१७मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. हीच औषधे आत्महत्येसाठी प्यायली जातात आणि वाघाने मारलेल्या गुरावर टाकून वाघही मारले जातात. हवाई बेटांवरील एका मॅलॅथिऑन विषबाधेच्या प्रकरणात, १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार, अळ्यांचे वय सुमारे पाच दिवस निघाले. ती व्यक्ती शेवटची जिवंत दिसली होती आठ दिवसांपूर्वी. विषामुळे माश्यांनी अंडी उशिरा घातली असावीत, असा निष्कर्ष निघाला. विशेष म्हणजे त्याच अळ्यांत विषाचा अंशही सापडला. व्हिसेरा कुजून गेला असेल, तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो.

मात्र पुरावा गोळा करण्याची वेळ एकदाच येते. वाघाचा मृतदेह शवविच्छेदनानंतर जाळून नष्ट केला जातो. त्याआधी सर्वांत मोठ्या अळ्या शोधून काही गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवाव्या लागतात आणि काही जिवंत वाढवाव्या लागतात, कारण जात नक्की ओळखता येते ती बहुधा प्रौढ माशीवरूनच. भोवतालच्या मातीतील कोषही वेचावे लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणचे तापमान जंगलातील ओढ्याकाठी लागू होत नाही. म्हणून घटनास्थळी तापमापक काही दिवस ठेवून दोन्हींतील फरक हिशेबात धरावा लागतो.