किल्ल्यातली बस्ती आणि पहाटेची धाव

आमच्या थोरल्या मुलाची मुलगी बारावी झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीआधी सगळ्यांची जेवणं आटोपली होती. मी ओट्यावर जपमाळ घेऊन बसले होते. नात शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "आज्जी, उद्यापासून पाचला मी पळायला जातो."

आमच्या बेळगावकडच्या मुली 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो'च म्हणतात. त्याचं काही नवल नव्हतं. मी विचारलं, "कशाला ग? वजन वाढलंय का?"

"नाही. मिलिटरीत जायचंय."

घरात एकदम शांतता झाली. सून म्हणाली, "आणि जेवणाचं काय?" मुलगा काहीच बोलला नाही. माझे थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, ते मात्र स्पष्ट बोलले. "आपण जैन. आपण मुंगी मारत नाही. आपल्यात हत्यार धरत नाहीत." मग सगळे माझ्याकडे बघू लागले. घरात शास्त्र वाचणारी मी एकटीच, म्हणून शेवटचा शब्द माझा, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलेलं.

मी त्या रात्री काही बोलले नाही. त्याला कारण होतं. १९७१ साली माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. कॅम्पात भरती चालू होती आणि त्याने घरी न सांगता अर्ज केला होता. तो अर्ज मला सापडला आणि मी आईला सांगितलं. आईने दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी भावाने कागद फाडले आणि तो वडिलांच्या आडत दुकानात जाऊन बसला, तो कायमचाच. मला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. पण मरेपर्यंत सकाळी फिरायला गेला तो कॅम्पातल्या रस्त्यानेच. दुसरा रस्ता त्याने धरला नाही.

आई धर्माने वागली असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता नातीने तोच प्रश्न पुन्हा पुढ्यात ठेवला. म्हणून म्हटलं, आधी आपलं घर धुंडाळू, मग बोलू.

मैत्रिणींनो, सुरुवात गावातूनच केली. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणी दर्शन घेऊन गेल्या असतील. मंडपाच्या छतात दगडी कमळ आणि गाभाऱ्यात काळ्या पाषाणाचे नेमिनाथ भगवान. ही बस्ती १२०४ साली बांधली गेली. बांधणारा बिचिराज, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री. आणि बेळगावचा मूळ किल्ला बांधल्याचं श्रेयही त्याच बिचिराजाला देतात. म्हणजे ज्या हाताने तट उभारला, त्याच हाताने आत जिनालय उभारलं. मी लहानपणापासून तिथे जाते, पण या दोन गोष्टी एकत्र धरून कधी विचारच केला नव्हता. आजही बस्तीला जाताना खंदक ओलांडावा लागतो, आणि आजूबाजूला लष्कराचा परिसर.

मग आदिपुराण उघडलं. भगवान ऋषभदेवांनी लोकांना पोटापाण्यासाठी सहा कर्मं शिकवली असं जिनसेनाचार्य सांगतात: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. आम्ही लहानपणी पाठशाळेत ही ओळ घोकली होती. मसि म्हणजे लेखन, कृषी म्हणजे शेती, वाणिज्य म्हणजे आपलं दुकान. पण यादीत पहिलं नाव असिचं आहे. असि म्हणजे तलवार. राखणाऱ्याशिवाय शेत नाही आणि दुकानही नाही, म्हणून ते आधी. आपल्या समाजाने हळूहळू वाणिज्य धरून ठेवलं, आमच्या भागातल्या लोकांनी कृषीही धरली, आणि असि तेवढी आपली नव्हेच असं म्हणू लागलो.

श्रावकाच्या आचारातही हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून, मुद्दाम केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, घरबांधणी यांत होणारी ती आरंभी. शेती-धंद्यात होणारी ती उद्योगी. आणि कुणी चालून आला असता स्वतःच्या, दुसऱ्याच्या वा देशाच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. मुनींना चारही वर्ज्य आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करायचा आणि बाकीच्या तीन जितक्या कमी करता येतील तितक्या करायच्या. रोज चूल पेटवणाऱ्या आपण बाया आरंभी हिंसेचा हिशेब मनाशी ठेवतोच की. मग सीमेवर उभ्या असणाऱ्याकडेच 'पापी' म्हणून बोट का दाखवायचं?

इतिहासात तर आपल्याकडे सेनापतीच सेनापती. चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. लढाया मारलेला माणूस. कन्नडमधलं चावुंडराय पुराण त्याने लिहिलं आणि श्रवणबेळगोळची सत्तावन्न फुटांची बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस त्यानेच करवली. मूर्तीच्या पायाशी तसं मराठीतही कोरलं आहे. आईला बाहुबलींच्या दर्शनाची ओढ लागली म्हणून त्याने हे केलं, अशी आपल्यात परंपरेने चालत आलेली कथा आहे. आता बघा, सेनापतीने मूर्ती कुणाची करवली? जिंकून सोडून देणाऱ्याची. भरत आणि बाहुबली समोरासमोर आले तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं की भांडण तुम्हा दोघा भावांचं, सैन्य कशाला मारता? म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झालं. तिन्हींत बाहुबली जिंकले आणि जिंकल्यावर राज्य टाकून तपाला गेले. हातात बळ आहे आणि ते आवरता येतं, हे ज्याला साधलं त्याची मूर्ती एका लढवय्याने डोंगरावर उभी केली.

बायकांचं म्हणाल तर त्याही मागे नव्हत्या. श्रवणबेळगोळलाच एक वीरगळ आहे सावियब्बेचा. ही श्राविका नवऱ्याबरोबर रणात गेली. दगडावर ती घोड्यावर बसून तलवार उगारलेली दिसते आणि समोरचा शत्रू हत्तीवर. आणि आमच्या जिल्ह्यातल्या गोकाकच्या किल्ल्याला १०४७ साली वेढा घालणारी होती चालुक्यांची राजकन्या अक्कादेवी. जिनालयाला तिने दान दिल्याचा शिलालेखही आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ साली कंपनी सरकारशी झुंज घेतली हे तर आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्याच कित्तूरमध्ये १९६९ पासून मुलींची सैनिकी धर्तीची निवासी शाळा चालते.

हे सगळं वाचून मी उठून 'जा पोरी' म्हणायला हवं होतं. पण मन लगेच तयार होईना. कारण सावियब्बेने नवऱ्याच्या बरोबरीने तलवार धरली. नोकरीतला शिपाई मात्र लढाई निवडत नाही, सरकार निवडतं. ज्या मराठा पलटणींचं केंद्र १९२२ पासून आमच्या गावात आहे, त्यांतली सर्वांत जुनी जंगी पलटण १७६८ साली उभी केली ती इस्ट इंडिया कंपनीने, स्वतःच्या मुंबईच्या मालमत्तेची राखण करायला. इथली पोरं गोऱ्यांसाठी मेसोपोटेमियात आणि इटलीत लढली. विरोधी हिंसा म्हणताना विरोध कुणाचा आणि रक्षण कुणाचं, हे विचारायलाच हवं.

तरी त्याच इटलीतली एक हकीकत मला विसरता येत नाही. अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव हे पलटणीत निरोप्याचं काम करत. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांचा कंपनी कमांडर आणि आणखी एक जवान जखमी झाला. समोरून गोळ्या येत होत्या, काठावर सुरुंग पेरलेले. जाधवांनी आधी एकाला पाण्यातून पलीकडे उचलून नेलं, मग परत येऊन दुसऱ्याला नेलं. त्यानंतर एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि काठावर उभं राहून मागच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या एका माणसाच्या एका दिवसात मारणंही आहे आणि वाचवणंही आहे. हे दोन्ही वेगळं कसं करायचं ते मला सांगता येत नाही. पण परत फिरून दुसऱ्या जखमीला उचलायला जाणं हे शिस्तीशिवाय होत नाही, एवढं कळतं.

शिस्त म्हणजे नुसती बंदूक नव्हे, हे तर बेळगावने फार पूर्वी पाहिलंय. १९२४ साली गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन आमच्या गावात भरलं. तिथली व्यवस्था डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्तानी सेवा दलाच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. कवायत, गणवेश, शिबिरं, पहाटेची हजेरी, सगळं फौजेसारखं, फक्त हत्यार नाही. बायकांच्या तुकडीची जबाबदारी उमाबाई कुंदापूरांनी घेतली होती. घराबाहेर न पडणाऱ्या बायका, त्यातल्या कितीतरी विधवा, तिथे रांगेत उभ्या राहून काम करत होत्या. खुद्द उमाबाई तरुणपणीच विधवा झालेल्या. आपल्या समाजातही दक्षिण भारत जैन सभेच्या वीर सेवा दलाची पोरं पंचकल्याण पूजेत गर्दी कशी आवरतात, ते आपण पाहतोच.

आणि व्रत म्हणजे तरी काय? ठरल्या वेळी उठणं, ठरलं तेवढंच खाणं, मन नाही म्हणालं तरी करणं. आमच्याच जिल्ह्यातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांची ३६ दिवसांची सल्लेखना झाली. इतका कडक नियम कुणा शिपायाला पाळावा लागत नाही. शिस्तीचं वळण आपल्याला परकं नाही.

नातीने मात्र माझ्या वाचनाची वाट पाहिली नव्हती. ती रोज पाचला उठून जात होती. मिलिटरी पोलिसांत मुलींना शिपाई म्हणून घ्यायला लागले आहेत. त्यांची पहिली ८३ जणींची तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूरला तयार झाली, हे तिनेच मला सांगितलं. लेखी परीक्षा, मग १.६ किलोमीटर धावणं आठ मिनिटांच्या आत, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. पहिल्या दिवशी ती दम लागून मध्येच बसली. महिनाभरात पूर्ण अंतर पळू लागली. कुणीतरी सांगितलं अंडी खा, ताकद येईल. तिने खाल्ली नाहीत. शेंगदाणे, गूळ, भिजवलेले हरभरे, दूध. सुनेने कुरकुर करत का होईना, हरभरे रात्रीच भिजत घालायला सुरुवात केली.

मग मी तिला समोर बसवलं आणि कडू तेही विचारलं. अग्निपथ योजना २०२२ ला आली. चार वर्षांची नोकरी, पुढे जास्तीत जास्त शंभरातल्या पंचवीस जणांना कायम करतात. "बाकीच्या पंचाहत्तरांत आलीस तर?" ती म्हणाली, "आज्जी, तेव्हा मी बावीस-तेवीसची असणार. शिकतो पुढं." विचारलं, "रात्रीचं जेवण?" फौजेत शाकाहारी शिधा मिळतो, पण सूर्यास्ताची वेळ कोण पाळणार? ती गप्प झाली. मग म्हणाली, "जमेल तेव्हा पाळतो. नाही जमलं तर खोटं सांगणार नाही." आणि शेवटी जे विचारायचं होतं ते विचारलं. "उद्या कुणावर गोळी चालवायची वेळ आली तर?"

ती बराच वेळ नखं बघत बसली. "भीती वाटते," म्हणाली. "पण ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हातात बंदूक असण्यापेक्षा माझ्या हातात बरी की."

चार प्रकारच्या हिंसेचं एवढं वाचून मला जे नीट मांडता आलं नाही, ते तिने असं सांगितलं. मला दुसरं काही विचारायचं राहिलं नाही.

आण्णांना मी कमल बस्तीची गोष्ट सांगितली, असि-मसिची ओळ दाखवली. ते म्हणाले, "शास्त्रात आहे म्हणून सगळंच करायचं असतं का?" बरोबर आहे त्यांचं. करायलाच हवं असं मीही म्हणत नाही. धर्माच्या नावाने अडवू नका, एवढंच म्हणते. भीती वाटते म्हणून अडवायचं असेल तर 'मला भीती वाटते' असं सरळ सांगा. माझ्या आईलाही भीतीच वाटली होती. युद्धाचं वर्ष, एकोणीस वर्षांचा मुलगा, कुठल्या आईला वाटणार नाही? पण ती तसं बोलली नाही. तिने धर्म पुढे केला आणि भावाला उत्तर द्यायला जागाच उरली नाही. भीतीशी वाद घालता येतो, पोरं समजूत काढू शकतात. धर्माशी ती काय बोलणार?

आता मीही कधीमधी नातीबरोबर पहाटे निघते. ती मैदानावर पळते आणि मी कॅम्पातल्या त्या रस्त्याने सावकाश चालते, जिथून भाऊ जायचा. मग दोघी मिळून किल्ल्यातल्या बस्तीत दर्शन घेतो. ती घामेजलेली असते, म्हणून बाहेरूनच हात जोडते. मी आत जाऊन तिच्यासाठी णमोकार म्हणते, आणि एकदा भावासाठी.