डोंग्यातली माणसं

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली निघाले. त्यांत ढिवर या मासेमार जातीची दोन छायाचित्रं आहेत. एकात झोपडी, दुसऱ्यात झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यांतले मासेमार. खाली जात छापली, धंदा छापला. माणसाचं नाव नाही. पवनीत माझा फोटोचा धंदा आहे, म्हणून ही उणीव मला जास्त बोचते. गिऱ्हाइकाचं नाव पाकिटावर लिहिल्याशिवाय आम्ही प्रिंट काउंटरवरसुद्धा ठेवत नाही.

समुद्र आमच्यापासून फार लांब. आमची चौपाटी म्हणजे तलावाची पाळ आणि वैनगंगेचा काठ. रावणवाडीला, चांदपूरला लोक डबे घेऊन पूर्वीपासून जातात. आता आंभोऱ्याला मोठा पूल झाला, गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर जलपर्यटनाच्या योजना आल्या. या सगळ्या ठिकाणच्या फोटोंत माणसं पाण्याकडे पाठ करून उभी असतात आणि त्यांच्या मागे कुठेतरी एक डोंगा असतो. त्यातला माणूस ठिपक्याएवढा दिसतो.

आमचा भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी धानासाठी पाळी घालून तलाव बांधले, पुढे त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. त्याचं श्रेय कोहळ्यांना मिळतं, ते रास्तच आहे. पण नुसती पाळ घालून तलाव जगत नाही. मरळ कोणत्या गवतात अंडी घालते, शिंगाड्याची वेल कुठे लावायची, चैतात कोणत्या कोपऱ्यात पाणी उरेल, हे ज्याला ठाऊक तो ढिवर. त्यानं पालख्या वाहिल्या, घरोघरी पाणी भरलं, ऐनाच्या झाडांवर कोसा पाळला. गावाच्या पाण्याशी त्याचा जितका संबंध आला, तितका क्वचितच कुणाचा आला असेल.

१९५० च्या कायद्यानं जमीनदारांची मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. तलाव मात्र सरकारच्या ताब्यात गेले आणि पाळ, सांडवा, गाळ यांची रोजची काळजी घेणारं कुणी उरलं नाही. मासेमारीसाठी सहकारी संस्था आल्या, ठेके आले, रोहू-कतला-मृगळाचं बीज आलं. काठ बेशरमाच्या झुडपांनी भरले आणि देशी मासे कमी होत गेले. अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ढिवरांकडून हे सगळं समजून घेतलं, पाणवनस्पती पुन्हा लावल्या; ते काम जुन्या भंडारा जिल्ह्याच्या तलावांवर झालं आणि माझ्या मते या भागातल्या कुठल्याही मोठ्या योजनेपेक्षा मोलाचं आहे.

वैनगंगेची गत वेगळी. राजीव गांधींनी १९८८ साली गोसेखुर्दच्या धरणाची कोनशिला बसवली. पुढे पाणी अडलं, काठाची गावं उठली, नदीचा डोह कुठे आणि उथळ पात्र कुठे हे पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान त्या पाण्याखाली गेलं. नाग नदी नागपूरची घाण घेऊन कन्हानमार्गे याच पाण्यात येते. जलपर्णी जाळ्यात अडकते, ती सोडवण्यात निम्मी सकाळ जाते. होडीतून फेरफटका मारणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो पोचेस्तोवर जाळं आवरलेलं असतं.

आमच्या धंद्यानंही या माणसांना नीट पाहिलं नाही. १९९३ पासून मतदार ओळखपत्रं निघू लागली, शाळेच्या व्हरांड्यात पांढरा पडदा लागला. ढिवर मोहल्ल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा तो आयुष्यातला पहिला फोटो. फक्त चेहरा आणि खांदे, हात चौकटीबाहेर. ज्या हातांनी जाळं विणलं ते कागदावर आलेच नाहीत. मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, त्यांत माणूस आपल्या कामासकट दिसतो. तसं काम आमच्याकडे व्हायला हवं होतं.

म्हणून मी उन्हाळ्यात ढिवर बायकांचे फोटो काढतो. पाणी गुडघ्याखाली आलं की त्या चिखलात ओळीनं वाकतात आणि हातांनी चाचपत मासे धरतात. टेंगऱ्याचा काटा बोटात शिरला की हात मनगटापर्यंत ठणकतो. तरी दुसरा हात चिखलातून निघत नाही, कारण तिथं एखादी मरळ हलत असते. टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकणाऱ्याही त्याच. सहकारी संस्थांच्या यादीत मात्र बहुतेक नावं पुरुषांची.

प्रत्येक प्रिंटच्या मागे मी नाव, गाव आणि त्या दिवशीचे मासे लिहितो. एक प्रत त्यांना देतो. एका मावशीनं ती उलटून मुलीकडून वाचून घेतली आणि मला थांबवलं. "भाऊ, भाव नाही लिवला. मासोऱ्या कितीनं गेल्या, थे बी लिव." तेव्हापासून भावही लिहितो. जलपर्यटनाचं केंद्र उभं राहील तेव्हा त्याच्या भिंतीवर हे फोटो लागावेत, आणि मागचा मजकूर पुढे छापला जावा, एवढीच माझी मागणी आहे.