तैनाती फौजेचा पगार

युद्ध जिंकल्यावर बलाढ्य राज्य शेजाऱ्याची मान का पकडते? भीतीपोटी, असे उत्तर सर्रास दिले जाते. शत्रू पुन्हा उठेल, शेजाऱ्याच्या अंगणातून आत शिरेल, म्हणून ते अंगणच ताब्यात ठेवायचे. हैदराबादच्या निजामाबद्दल इंग्रज लेखकांनी हेच सांगितले: गव्हर्नर जनरल वेलस्लीला फ्रेंचांची धास्ती होती, म्हणून तैनाती फौज, म्हणजे निजामाच्या खर्चाने त्याच्या राज्यात ठेवलेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज, आली. आपले इतिहासप्रेमी त्यात पुस्ती जोडतात की खर्ड्याला मराठ्यांकडून मार खाल्लेला निजाम भेदरून इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

पुस्ती आधी निकालात काढू. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली, तेव्हाचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहून निजामाला वाऱ्यावर सोडले. निजाम अली खानाने रागावून इंग्रजी पलटणींना निरोप दिला आणि रेमंड या फ्रेंच सरदाराचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, वाढवले. भेदरलेला माणूस असे करत नाही. इंग्रजांशी करार झाला तो तीन वर्षांनी, १ सप्टेंबर १७९८ रोजी.

आता मुख्य पूर्वपक्ष. तो पोकळ नाही. १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता, टिपूचे वकील मॉरिशसला जाऊन आले होते. त्या वर्षीच्या करारामागे भीती होती, हे मान्य. सहा पलटणी आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला २४,१७,१०० रुपये. पण पुढे काय झाले? ऑक्टोबरात फ्रेंच कंपूंची हत्यारे काढून घेतली गेली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. फ्रेंच कंपू आणि टिपू, भीतीची ही दोन्ही जवळची कारणे गेली. तेव्हा फौज घटायला हवी होती, ती वाढली. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने पलटणी आठ झाल्या, सोबत घोडदळाच्या दोन रेजिमेंटी. त्यांच्या पगारापोटी निजामाने १७९२ आणि १७९९ मध्ये म्हैसूरकडून मिळालेला सगळा मुलूख कंपनीला देऊन टाकला. कडप्पा, बळ्ळारी त्यातच गेले. दोन युद्धांत मित्र म्हणून लढून मिळवलेली कमाई मित्रानेच पगारात वळती करून घेतली!

मराठे शिल्लक होते ना, असे कोणी म्हणेल. होते, १८१८ पर्यंत. १८०० च्या तहात निजामाने युद्धकाळात स्वतःचे सैन्य मदतीला द्यायचे, एवढेच होते. त्यातून रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची जी कंटिन्जंट उभी राहिली, ती पेशवाई बुडाल्यावरही मोडली नाही. पस्तीस वर्षे निजामाची तिजोरी तिला पोसत राहिली, आणि तिजोरी आटली की कंपनी उधारी मांडत राहिली. १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले.

म्हणून माझे म्हणणे असे: युद्धामुळे फुगलेली फौज विजेत्याला मोडवत नाही आणि स्वतःच्या खिशातून पोसवतही नाही. तिच्या पगाराला शेजारी लागतो. १८०० च्या तहात निजामाने इंग्रजांना न विचारता इतर दरबारांशी बोलणी करू नयेत, असे कलम आहे. त्याचाही अर्थ इथे लागतो. ज्याला दुसऱ्याशी बोलता येत नाही, त्याला दुसरा रेमंड ठेवता येत नाही.

आपण सोवळे मिरवायचे कारण नाही. खर्ड्याची लढाईसुद्धा चौथाईच्या थकबाकीवरूनच झाली होती. फरक इतकाच की पुणे पैसा मागत असे. निजामाने कोणाचे कंपू पोसावेत हे पुण्याला ठरवता आले नाही. हे जुन्या काळापुरतेही नाही. १९४५ नंतर सोव्हिएत रशियाने ताब्यात ठेवलेल्या पूर्व युरोपाबद्दलही सुरक्षेच्या पट्ट्याची भाषा ऐकू येते. मग पूर्व जर्मनीतले कारखाने उखडून रशियाला नेले, ते कोणत्या सुरक्षेसाठी?

मुलखाचा हव्यास हे दुसरे सोपे उत्तर. तेही पुरत नाही. १८५७ च्या निष्ठेचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत दिले, ५० लाखांचे कर्ज माफ केले. वऱ्हाड मात्र ठेवले. हैदराबाद खालसा केले नाही, कारण खालसा केलेल्या मुलखाचा सगळा कारभार स्वतःलाच करावा लागतो.

निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने माझ्या या म्हणण्याची जणू कसोटीच लावली. कंटिन्जंटच्या पगाराची हमी म्हणून रोख रक्कम ठेवतो, वऱ्हाड परत द्या, असा प्रस्ताव त्याने मांडला. पगाराचीच काळजी असती तर रोख रक्कम वऱ्हाडच्या कापसाच्या जिल्ह्यांपेक्षा सुरक्षित होती. इंग्रजांनी नकार दिला. फेडून संपेल असे देणे त्यांना नको होते. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि त्यानंतर लगेच कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विरघळून गेली. जिच्या पगारासाठी वऱ्हाड घेतले ती फौज उरली नाही. वऱ्हाड परत आले नाही.