डीए पॉलिशर : वक्र पत्र्यावरील वापर

डीए पॉलिशर : मोटारगाडीच्या रंगावरील बारीक चरे, जाळी व डाग घासून काढणारे, विजेवर चालणारे हातयंत्र. पॅडला एकाच वेळी दोन गती मिळतात म्हणून ते ‘ड्युअल ॲक्शन’. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात त्याला नुसते ‘डीए’ म्हणतात. एकाच आसावर गरगर फिरणारे जुने यंत्र म्हणजे ‘रोटरी’. या दोहोंतला फरक सपाट बोनेटवर फारसा जाणवत नाही. मडगार्ड, बंपर, आरशाचे कव्हर आणि दाराची खोलगट रेघ अशा वळणदार भागांवर तो लगेच कळतो.

रचना व कार्य : मोटरीच्या आसापासून थोडे बाजूला एक बेअरिंग असते आणि त्यावर तबकडी मोकळी बसवलेली असते. तबकडीला वेलक्रोने पॅड चिकटतो. मोटर सुरू झाली की तबकडी आसाभोवती छोटे फेर घेते आणि त्या ओघात स्वतःभोवतीही फिरते. फेराचा व्यास बहुधा ८, १५ किंवा २१ मिमी. असतो. १५ मिमी.च्या यंत्रात फिरकी नसतानाही पॅडवरचा बिंदू दर फेराला सुमारे ४७ मिमी., तर २१ मिमी.च्या यंत्रात सुमारे ६६ मिमी. अंतर कापतो. फेर मोटरीच्या जोरावर होतो. स्वतःभोवतीची फिरकी मात्र कशालाच बांधलेली नसते. दाब वाढला की फिरकी थांबते, फेर चालूच राहतो. गियर लावून फिरकी सक्तीची केलेली यंत्रेही मिळतात; ती थांबत नाहीत, पण हाताला धक्के देतात आणि पत्रा अधिक तापवतात.

रंगाची जाडी : कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग व वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. पॉलिशचे सारे काम एवढ्यातच उरकायचे असते. पूर्वी कुर्ल्यात तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या एकथरी रंगाच्या जुन्या गाड्या घासल्या की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. आजच्या गाडीवर पॅडला रंग लागला, तर क्लिअर कोट संपला असे समजावे. पत्र्याच्या घडीवर आणि कडेवर हा थर आणखी पातळ असल्याने तेथे आधी मास्किंग टेप लावतात.

वक्र भागावरील पद्धत : फुगीर भागावर पॅडचा मधलाच थोडा भाग टेकतो व सगळा दाब तेथे एकवटतो, म्हणून हात हलका ठेवतात. खोलगट भागावर उलट घडते. कडा टेकते, मधला भाग अधांतरी राहतो आणि आसापासून दूर झालेले घर्षण फिरकी अडवते. अशा जागी ५ इंची पॅड काढून ३ इंची लावतात, २१ मिमी.पेक्षा १५ मिमी. फेराचे यंत्र सोयीचे पडते. फिरकी चालू आहे का, हे आवाजावरून नेमके कळत नाही. त्यासाठी तबकडीच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढतात. रेघ फिरताना दिसली तर काम होत आहे. ती जागच्या जागी थरथरली तर दाब कमी करावा किंवा यंत्राचा कल बदलून पॅड वळणाबरोबर पुन्हा सपाट बसवावा.

पॅडवर तुरीच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब कंपाउंड (घासण्याचे मिश्रण) घेऊन ते कमी वेगात पसरवतात, मग वेग वाढवतात. एका वेळी दीड-दोन फूट चौरस भाग घेऊन आडवे-उभे हात मारतात आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर नेतात. बंपर प्लास्टिकचा असतो. पत्र्यासारखी त्यातून उष्णता पसरत नाही, म्हणून तेथे थांबून-थांबून हात लावून पाहतात.

वाशिम परिसरातील वापर : १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात ‘एमएच ३७’ पासिंगच्या गाडीच्या रंगावर जाळी पडण्याची कारणे रोजच्या वापरातच आहेत. सोयाबीन काढणीच्या दिवसांतली धूळ कोरड्या फडक्याने पुसली की उन्हात गोल चरे दिसू लागतात. बोअरच्या जड पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की पांढरे ठिपके उरतात. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा वेगवान रस्त्यावर बंपरला व आरशांना किडे चिकटतात आणि ते वेळीच न धुतल्यास रंगात डाग बसतो. नेमके हेच भाग सर्वांत वळणदार असतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हातल्या बोनेटवर कंपाउंड लगेच सुकते. त्यामुळे काम शेडमध्ये, पत्रा गार झाल्यावर करतात.

दोष व तपासणी : थांबलेला पॅड तसाच दाबून धरला तर चरे निघत नाहीत, उलट पॅडचा मध्य तापून फाटतो व वेलक्रो सुटते. कंपाउंडमधले तेल उरलेल्या चऱ्यांत भरून बसते, त्यामुळे काम झाल्या-झाल्या पत्रा आरशासारखा दिसतो. म्हणून अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने तेल पुसून, टॉर्चचा झोत तिरका धरून वळणे तपासतात. ही तपासणी टाळली, तर पुढच्या एक-दोन धुण्यांत जाळी परत दिसू लागते.