२०४८ (खेळ)

२०४८ : इंटरनेट ब्राउझरमध्ये एकट्याने खेळायचा आकड्यांचा कोडेवजा खेळ. गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने तो मार्च २०१४ मध्ये एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत जावास्क्रिप्टमध्ये लिहिला आणि लगेच सर्वांसाठी फुकट खुला केला. आठवडा उलटायच्या आत त्याच्या पानाला ४० लाखांवर भेटी झाल्या होत्या.

पट ४ × ४ म्हणजे १६ घरांचा. सुरुवातीला त्यावर दोनच ठोकळे असतात. खेळणाऱ्याच्या हाती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढ्या चारच चाली. आवडीचा एखादा ठोकळा उचलून हलवता येत नाही. कळ दाबली की पटावरचे सगळे ठोकळे त्या दिशेला, काठ किंवा दुसरा ठोकळा आडवा येईपर्यंत सरकत जातात. सारख्या आकड्याचे दोन ठोकळे भिडले तर त्यांचा दुप्पट आकड्याचा एक होतो आणि तेवढेच गुण मिळतात. चाल झाली की कुठल्या तरी रिकाम्या घरात नवा ठोकळा येतो: दहांत नऊ वेळा २ चा, एखाद्या वेळी ४ चा. नुकताच जुळून झालेला ठोकळा त्याच चालीत पुन्हा जुळत नाही; त्यामुळे २-२-२-२ या ओळीचे ४-४ होतात, ८ नव्हे. २०४८ चा ठोकळा झाला की डाव जिंकला, पण पुढे खेळत राहण्याची मुभा आहे. पट भरून एकही जोडी जुळण्याजोगी उरली नाही की डाव संपतो. चाल मागे घेण्याची सोय मूळ खेळात नाही.

ज्या चालीने काहीच हलत नाही ती चाल धरलीच जात नाही, हा नियम सहज वाचून पुढे जावा असा दिसतो. खेळाची सगळी गंमत मात्र तिथेच आहे. हात बसलेले खेळाडू बहुधा सर्वांत मोठा ठोकळा एका कोपऱ्यात ठेवतात आणि चारपैकी एक दिशा स्वतःहून वर्ज्य करतात. समजा तळाच्या ओळीत २५६, १२८, ६४, ३२ असे आहेत. ओळ भरलेली आणि आकडे वेगळे, म्हणून डावी-उजवी करताना ती जागची हलत नाही. वरच्या तीन ओळींत बिनघोर जुळवाजुळव करता येते. पण कधीतरी सगळे ठोकळे तळाशी आणि बाजूला गच्च बसतात, आणि ‘वर’ सोडून एकही कळ काम करत नाही. नाइलाजाने ती दाबावी, २५६ वर सरकावा आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात नेमका २ चा ठोकळा येऊन बसावा! तिथून डाव सावरता येतो, पण फार थोड्यांना.

हा खेळ चिरुल्लीच्या डोक्यातून अचानक उगवलेला नाही. व्हीवो स्टुडिओचा १०२४ हा खेळ त्याने आधी पाहिला होता, आणि तसे त्याने खेळाच्या पानावर नोंदवलेही. या साऱ्यांच्या मुळाशी होता थ्रीज : अॅशर व्होल्मर, ग्रेग वोलवेंड आणि जिमी हिन्सन यांचा, फेब्रुवारी २०१४ मध्ये आयफोनसाठी विक्रीस आलेला खेळ. त्यात १ व २ मिळून ३ होतात आणि ठोकळे एका वेळी एकच घर सरकतात. त्यावर १४ महिने खपलेल्या कर्त्यांना नकलांचा हा पूर चांगलाच झोंबला. त्यांनी आपला दीर्घ पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आणि २०४८ आपण पहिल्याच प्रयत्नात जिंकल्याचेही लिहिले. त्यांची तक्रार रास्त होती. थ्रीजची बांधणी अधिक रेखीव आहे यात शंका नाही; पण २०४८ फुकट होता, दुव्यावर टिचकी मारताच चालू होई, आणि त्याचा हिशेब दुपटीच्या पाढ्याइतका सोपा. चिरुल्लीने संहिता एमआयटी परवान्याखाली मोकळी ठेवल्याने त्यावरून असंख्य रूपे निघाली. आकड्यांऐवजी कुत्र्याची चित्रे असलेलीही.

सोपा म्हटला तरी खेळ लवकर आटपत नाही. दर चालीला पटावरच्या बेरजेत सरासरी २.२ ची भर पडते, म्हणजे २०४८ गाठायला नऊशेहून अधिक चाली लागतात आणि गुण साधारण वीस हजार होतात. नियम इतके थोडे असल्याने संगणकशास्त्रज्ञांनाही तो सोयीचा वाटला. पोलंडमधील शुबर्ट व याश्कोव्स्की यांनी २०१४ मध्येच, माणसाची कोणतीही क्लृप्ती न शिकवता, केवळ खेळून खेळून शिकणारी आज्ञावली तयार केली. पटावर बनू शकणारा सर्वांत मोठा ठोकळा १,३१,०७२ चा. त्यासाठी ६५,५३६ पासून निम्म्यानिम्म्याने ४ पर्यंत पंधरा ठोकळे ओळीने लागलेले हवेत आणि उरलेल्या एकमेव घरात, २ नव्हे, ४ यायला हवा.