एबीएल कायनेज–इमॅटिनिब स्फटिकरचना

दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात बीसीआर-एबीएल हे संकरित प्रथिन अखंड सक्रिय राहून पेशींचे विभाजन सतत चालू ठेवते. त्यातील एबीएल कायनेजची इमॅटिनिब या औषधासारख्या रेणूसह क्ष-किरण स्फटिकरचना जॉन कुरियन यांच्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केली. ती उंदराच्या प्रथिनाची होती, मानवी रचना पुढे मिळाली. औषध एटीपीच्या खोबणीत शिरते, पण कायनेज निष्क्रिय घडीत असतानाच. निवडकपणाचे मर्म येथेच आहे. कायनेजमधील थ्रिओनिन-३१५ शी औषधाचा हायड्रोजन बंध जुळतो. त्या जागी आयसोल्यूसिन आले, की बंध जुळत नाही, वाट अडते आणि औषध निकामी ठरते.

औषधाच्या स्वतःच्या बीटा स्फटिकरूपाचा वाद निराळा. त्याच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही विरोध केला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारले. स्वस्त जेनेरिक गोळ्यांवर जगणाऱ्या रुग्णांसाठी हा निकाल फार मोलाचा होता.