मोरांड आणि चेर्नोझेम

मातीला नांव असावें हें शहरांत राहणाऱ्या सुशिक्षितास सहसा सुचत नाहीं. त्याच्या लेखीं माती म्हणजे माती. फार तर काळी आणि तांबडी एवढा भेद तो करील. परंतु ज्याचें पोट मातीवर अवलंबून आहे त्याचें एवढ्यावर भागत नाहीं. आमच्या भंडारा जिल्ह्यांतील शेतकरी चार धुरे ओलांडतां ओलांडतां चार नांवें उच्चारतो. वैनगंगेच्या कांठची खोल, काळी, चिकट माती ती कन्हार. तिच्याहून फिकी, जिच्यांत चुनखडीचे खडे सांपडतात ती मोरांड. पिवळसर, वाळूमिश्रित, धानाला मानवणारी ती सिहार. आणि उंचवट्यावरची तांबूस, मुरमाड ती बर्डी. हीं नांवें कोणा पंडितानें ठेविलेलीं नाहींत. तीं नांगराच्या मागें चालणाऱ्यांनीं ठेविलीं आहेत.

अशाच एका नांवाची हकीकत येथें सांगावयाची आहे. तें नांव रशियांतील आहे. पण त्याच्या भाग्याकडे पाहिलें म्हणजे आमच्या नांवांच्या दैवाविषयीं कांहीं विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

रशिया व युक्रेन या देशांच्या दक्षिण भागांत गवताळ मैदानांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. तेथील शेतकरी आपल्या मातीला ‘चेर्नोझेम’, म्हणजे काळी माती, असें म्हणत आले. ही माती थंड हवेची व गवताची निर्मिती आहे. हिंवाळ्यांत जमीन गोठते, उन्हाळ्यांत ती सुकते. त्यामुळें गवताचीं मेलेलीं मुळें कुजण्यास वर्षांतील थोडेच दिवस मिळतात. दरसाल थोडें थोडें शिल्लक राहत जाऊन हजारों वर्षांत सुमारें एक मीटरपर्यंत, क्वचित् त्याहूनही खोल, असा काळा थर सांचला आहे. त्यांत कुजक्या सेंद्रिय द्रव्याचें प्रमाण शेंकडा ४ पासून १० पर्यंत, आणि कोठें कोठें त्याहूनही अधिक, आढळतें.

या थराखालीं चुना असतो, आणि मातीच्या गुणाचें अर्धें रहस्य त्यांतच आहे. पावसाचें पाणी मातींतील वायु शोषून किंचित् आंबट होतें व चुना विरघळवून खालीं नेतें. परंतु त्या मैदानांत वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढें पाणी खोलवर जाण्यापूर्वींच आटतें आणि चुना वाटेंतच थबकतो. तेथें त्याचे पांढरे ठिपके जमतात. रशियन भाषेंत त्यांस ‘पांढरा डोळा’ अशा अर्थाचा शब्द आहे. हाच चुना वरच्या मातीला आंबू देत नाहीं, आणि सेंद्रिय द्रव्य व चिकणमाती यांस एकत्र बांधून मातीला रवाळ बनवितो. अशा मातींत हवा खेळते व पाणीही टिकतें. गव्हाचें कोठार म्हणून त्या प्रदेशाची जी ख्याति झाली, तिच्या मुळाशीं हा रवाळपणा आहे.

ही माती आली कोठून, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकांत मोठा वाद झाला. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ मर्चिसन यांनीं १८४५ च्या आपल्या ग्रंथांत ती पाण्यानें आणून टाकलेला गाळ ठरविली. १८६६ मध्यें रूप्रेख्त या वनस्पतिशास्त्रज्ञानें ती गवतापासून झाली असें प्रतिपादन केलें. पुढें १८७५ च्या अवर्षणानंतर पीटर्सबर्गच्या एका आर्थिक संस्थेनें वासिली दोकुचायेव यांस या मातीच्या पाहणीचें काम दिलें. १८७७ पासून ते गांवोगांव हिंडले, खड्डे खणून मातीचे थर मोजले, आणि १८८३ मध्यें ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माती म्हणजे झिजलेला खडक नव्हे. खडक, हवामान, सजीव सृष्टि, जमिनीचा चढउतार आणि काळ या पांचांच्या संयोगानें घडलेली ती एक स्वतंत्र वस्तु आहे, हा त्यांचा सिद्धांत. आधुनिक मृदाशास्त्राचा आरंभ येथूनच मानतात.

नवा ग्रीक शब्द बनविणें दोकुचायेव यांस अवघड नव्हतें. त्यांनीं शेतकऱ्याचाच शब्द उचलला आणि त्याला शास्त्रीय व्याख्या दिली. आज कॅनडाच्या सरकारी वर्गीकरणांत तेथील गवताळ मातीला हेंच नांव आहे. जागतिक वर्गीकरणांतही तें रूढ आहे. खेड्यांतला शब्द विद्यापीठांत गेला, तो असा.

आतां आमच्याकडे पाहूं. आमची काळी माती पाहून युरोपीय लेखकांस चेर्नोझेमची आठवण झाली; पण तें साम्य रंगापुरतें. आमच्या उष्ण हवेंत पालापाचोळा झपाट्यानें कुजून नाहींसा होतो. काळ्या मातींतील सेंद्रिय कर्ब बहुधा शेंकडा एकाच्याही खालीं असतो. जो थोडा राहतो तो चिकणमातीच्या कणांशीं घट्ट जखडला जाऊन मातीला काळी करतो. चिकणमाती मात्र विपुल. म्हणून ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चेर्नोझेमचें बळ सेंद्रिय द्रव्यांत आहे, कन्हारीचें चिकणमातींत. रंगावरून दोघींस सख्ख्या बहिणी समजणारा फसलाच.

चुन्याची गोष्ट निराळी. भंडाऱ्यास पाऊस सुमारें १३०० मिलिमीटर, म्हणजे त्या मैदानांच्या अडीचपट. उंचावरच्या उथळ, भरड मातींतून पाणी सहज झिरपतें व चुना वाहून जातो. तो खोलगट भागांतील चिकण मातींत अडतो व त्याचे खडे बनतात. मोरांडींतील खडे आणि रशियांतील ‘पांढरा डोळा’ हे एकाच क्रियेचे दोन परिणाम होत. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ मार्बट यांनीं जगांतील मातींचे, चुना राखणाऱ्या व चुना गमावणाऱ्या, असे दोन मोठे वर्ग पाडले होते. तोच भेद आमचा शेतकरी मोरांड आणि बर्डी या दोन शब्दांत करून मोकळा होतो.

मग या शब्दांचें काय झालें? ते कागदावर आले, पण जमाबंदीच्या कागदावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतांत फुलर यांच्या पद्धतीनें प्रत्येक मातीला तिच्या उत्पन्नाच्या मानानें एक अंक दिला गेला, आणि त्या अंकावरून साऱ्याची आकारणी झाली. या कामीं अधिकाऱ्यांनीं शेतकऱ्यांचीं नांवें निष्ठेनें टिपून घेतलीं, हें त्यांचें श्रेय नाकारतां येणार नाहीं. परंतु रशियांत नांवापुढें ‘कां?’ हा प्रश्न लिहिला गेला. आमच्याकडे नांवापुढें ‘किती?’ एवढाच. मोरांड हा साऱ्याचा एक दर झाला. तिच्यांत चुना कोठून आला, हें विचारण्याचें कारण त्या दप्तराला नव्हतें.

गेल्या उन्हाळ्यांत मी एका विद्यार्थ्याच्या शेतावर गेलों होतों. त्यानें माती-परीक्षणाचा कागद दाखविला. आम्लता, कर्ब, स्फुरद, पालाश, जस्त यांचे आंकडे त्यावर होते. जस्त कमी निघालें होतें. “असें कां?” म्हणून मीं विचारलें, तेव्हां तो गप्प राहिला. त्याच्या वडिलांनीं वाकून एक ढेकूळ उचललें, फोडलें, आणि आंतील पांढरा खडा माझ्या तळहातावर ठेविला. “हे मोरांड आहे जी,” ते म्हणाले. चुनखडीच्या मातींत जस्त पिकाला नीट मिळत नाहीं, हें शास्त्र सांगतें. कागदावर कमतरता होती आणि म्हाताऱ्याच्या हातांत तिचें कारण. मध्यें मुलगा उभा होता, आणि त्याला दोहोंची ओळख करून देणारें कोणी नव्हतें. त्याला मातीचें नांव ठाऊक नव्हतें, याची लाज मला वाटली. कारण त्याला शिकविणारा मीच.

मृदा-सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेचें मुख्य ठाणें आमच्या शेजारीं नागपुरास आहे. शास्त्राला आतां आम्ही परके नाहीं. उणीव आहे ती हीं जुनीं नांवें आणि नवे आंकडे एका पानावर आणण्याची. आमच्या महाविद्यालयांतील मुलांनीं आपापल्या गांवीं एकेक खड्डा खणावा, चुना किती खोलीवर लागतो तें मोजावें, आणि वडीलधाऱ्यांस त्या मातीचें नांव विचारून शेजारीं लिहावें. दोकुचायेव यांनीं तरी याहून वेगळें काय केलें? मात्र हें लवकर झालें पाहिजे. खडे मातींत राहतील. नांवें सांगणारे राहणार नाहींत.